'राजकारण नको' म्हणजे कुणाचं राजकारण नको?

(वरूड येथे बचत गटांतील वाचक-महिलांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पत्रिकेवर माझ्या विषयाचं नाव जरा जडच छापलं गेलं आहे : 'पुस्तक-प्रकाशनातील राजकीय पक्षपात'. म्हणून आधीच सांगते, मी आज कुठल्याही पक्षाच्या बाजूनं किंवा विरोधात बोलायला उभी नाही. मी बोलणार आहे पुस्तकाच्या वाटेबद्दल. कुणीतरी लिहितं, कुणीतरी ते छापतं, कुणीतरी विकत घेऊन वाचनालयाच्या कपाटात ठेवतं आणि मग ते वरूडमधल्या एखाद्या बाईच्या हातात पडतं. आपला संत्रा पांढुर्ण्याच्या रस्त्यानं बाहेर जातो तेव्हा त्याला नाके लागतात, तसे या वाटेवरही नाके आहेत. प्रत्येक नाक्यावर कुणीतरी बसलेलं आहे. ते म्हणतं, हे जाऊ द्या, ते थांबवा. आणि थांबवताना बहुतेक वेळा एकच कारण दिलं जातं : 'हे पुस्तक एकांगी आहे. आम्हाला राजकारण नको.'

माझा प्रश्न साधा आहे. जे पुस्तक जाऊ दिलं, त्यात राजकारण नव्हतं का?

शाळेच्या पुस्तकापासून सुरुवात करू, कारण ते आपल्या प्रत्येकीच्या घरात आहे. बालभारती ही संस्था १९६७ साली स्थापन झाली. आपल्या आईनं, आपण, आपल्या मुलांनी तिचीच पुस्तकं वाचली. आई चुलीशी आणि बाबा वर्तमानपत्र घेऊन बसलेले, अशी चित्रं पाहतच आपण लहानाच्या मोठ्या झालो. त्या चित्रांना कुणी कधी राजकीय म्हटलं नाही. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात आई आणि बाबा दोघं मिळून भाजी निवडत बसले आहेत असं चित्र आलं, तेव्हा मात्र त्याची बातमी झाली. बघा, बाजू दोन्ही चित्रांना होती. पहिली बाजू इतकी अंगवळणी पडलेली होती की ती बाजू आहे हेच दिसत नव्हतं. दुसरी नवी होती म्हणून डोळ्यांत भरली. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचं सगळं समजायला सोपं जाईल. जे रुळलेलं असतं त्याला आपण निःपक्ष म्हणतो आणि जे त्याला प्रश्न विचारतं त्याला एकांगी म्हणतो.

आता आपल्याच वऱ्हाडातली बाई घ्या. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. त्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक १८८२ साली पुण्याच्या शिवाजी छापखान्यात छापलं गेलं. किंमत नऊ आणे, प्रती पाचशे. निमित्त झालं सुरतच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेच्या खटल्याचं. आपल्या नवजात मुलाला मारल्याबद्दल तिला १८८१ साली फाशीची शिक्षा झाली आणि पुढं ती काळ्या पाण्यावर आली. त्यावर वर्तमानपत्रांतून बायकांच्या नीतीवर लिहून येऊ लागलं. ताराबाईंनी विचारलं, जे दोष बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत काय? झालं. टवाळी सुरू झाली. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. आणि हे पहिलं पुस्तक? ते पुन्हा वाचकांसमोर आलं १९७५ साली, स. गं. मालशे यांनी ते शोधून संपादित केलं तेव्हा. मधे किती वर्षं गेली? त्र्याण्णव.

या त्र्याण्णव वर्षांत त्या पुस्तकावर कोणत्याही सरकारनं बंदी घातलेली नव्हती. कुणी जाळलंही नाही. फक्त कुणी पुन्हा छापलं नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या चार पिढ्या हे पुस्तक न वाचता गेल्या. बुलढाण्याच्या बाईनं लिहिलेलं बुलढाण्याच्याच बायकांना माहीत नव्हतं. म्हणून मी म्हणते, पुस्तकाला मारायला काडेपेटी लागत नाही. दुर्लक्ष पुरतं.

मग प्रकाशकाला बाजू असूच नये का? असावी. अवश्य असावी. मी तर म्हणेन, बाजू असलेले प्रकाशक नसते तर आपल्या हाती फारसं काही लागलंच नसतं. बेबीताई कांबळे यांनी आपलं आत्मकथन घरच्यांपासून लपवून लिहिलं आणि वीसेक वर्षं ते तसंच दडवून ठेवलं. 'स्त्री' मासिकात ते क्रमशः आलं आणि १९८६ साली 'जिणं आमुचं' हे पुस्तक झालं. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांच्या मुलाखती गावोगाव फिरून ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी घेतल्या. १९८९ साली त्या 'आम्हीही इतिहास घडवला' या नावानं आल्या, त्या स्त्री उवाच प्रकाशनाकडून. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली ग्रंथालीनं काढलं. पुण्याच्या सुगावा प्रकाशनानं दलित आणि सत्यशोधकी साहित्य लावून धरलं. यातला कुणीही 'आम्हाला बाजू नाही' असं म्हणाला नाही. आमची बाजू ही, आमचं नाव हे, आता वाचा आणि पटलं तर घ्या. हा प्रामाणिक व्यवहार झाला. आपल्या विरोधातल्या मंडळींनाही असं प्रकाशन काढण्याचा तेवढाच हक्क आहे.

पण सरकार जेव्हा प्रकाशक होतं किंवा सरकारी पैशातून पुस्तक विकत घेतलं जातं, तेव्हा गोष्ट बदलते. तिथं पैसा सगळ्यांचा असतो. मजूर बाई तेलाची पिशवी घेते त्यातला कर त्यात असतो आणि बागाईतदारानं ट्रॅक्टर घेतला त्यातलाही असतो. आपल्याकडं संत्र्याची प्रतवारी होते. व्यापारी बारका माल वेगळा काढतो, त्याबद्दल आपण भांडत नाही. आपण भांडतो ते काट्याबद्दल. शेजाऱ्याला एक काटा आणि मला दुसरा, हे चालत नाही. सरकारी पैशाच्या बाबतीत निःपक्षपात म्हणजे एवढंच : काटा एक हवा आणि तो सगळ्यांना दिसेल असा टांगलेला हवा.

हा काटा कसा हलतो, त्याची दोन उदाहरणं सांगते.

पहिलं आपल्या जिल्ह्याशी जोडलेलं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं अप्रकाशित लेखन त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर वर्षानुवर्षं पेट्यांत पडून होतं. महाराष्ट्र शासनानं ते खंडांच्या रूपानं छापायला घेतलं. पहिला खंड १९७९ साली आला. नागपूरचे वसंत मून संपादनाचं काम बघत होते. १९८७ साली चौथा खंड आला, 'रिडल्स इन हिंदुइझम'. त्यात राम आणि कृष्ण यांच्याविषयीचं एक परिशिष्ट आहे. सीतेला मिळालेल्या वागणुकीचा प्रश्नही त्यात आहे, ही गोष्ट आपण बायकांनी विशेष लक्षात घ्यावी. त्यावरून वादळ उठलं. जानेवारी १९८८ मध्ये आपल्या अमरावतीतच एका सभेत या पुस्तकाची प्रत जाळली गेली. शासनाच्या परिशिष्ट वगळण्याच्या हालचाली सुरू झाल्या. त्याविरुद्ध फेब्रुवारीत मुंबईत दलित जनतेचा प्रचंड मोर्चा निघाला. शेवटी तडजोड झाली. मजकूर राहिला, आणि त्यातल्या मतांशी शासन सहमत नाही अशी टीप आली.

या तडजोडीबद्दल चळवळीत दोन मतं आहेत. काहींना ती टीप अपमानाची वाटते. मला वाटतं, त्या टिपेतून एक चांगला नियम काढता येतो. सरकार म्हणालं, आम्ही छापतो, पण हे आमचं मत नव्हे. छापणं म्हणजे पाठिंबा देणं नव्हे, हे त्या निमित्तानं सरकारनंच मान्य केलं. आता हाच नियम सगळ्यांना लावा. ज्यांच्या ग्रंथांत बायकांना आणि शूद्रांना ताडनाचे अधिकारी म्हटलं आहे, त्यांच्या सरकारी आवृत्त्यांवर अशी टीप कधी लावली गेली आहे का? टीप लावायचीच तर सगळ्यांना लावा, नाहीतर कुणालाच लावू नका. काटा एक हवा, म्हणते ती हीच गोष्ट.

याच खंडांची पुढची कहाणीही ऐका. २०२१ मध्ये वर्तमानपत्रात बातमी आली की या खंडांच्या नऊ लाख प्रतींसाठी साडेपाच कोटींच्या आसपासचा कागद घेतला गेला, पण छापून झाल्या फक्त तेहतीस हजार प्रती. मुंबई उच्च न्यायालयानं या बातमीची स्वतःहून दखल घेतली. तिथं कुणी म्हटलं नव्हतं की हे विचार आम्हाला नकोत. काम नुसतं रेंगाळलं होतं. ताराबाईंचं जे झालं ते १८८२ नंतर झालं, आणि हे आपल्या डोळ्यांदेखत. तऱ्हा तीच.

दुसरं उदाहरण २०२२ चं. कोबाड गांधी हे दहा वर्षं तुरुंगात होते. त्यांनी तुरुंगातल्या आठवणी इंग्रजीत लिहिल्या, 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम'. अनघा लेले यांनी त्याचा मराठी अनुवाद केला, लोकवाङ्मय गृहानं तो काढला. डिसेंबर २०२२ मध्ये या अनुवादाला राज्य शासनाचा तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पुरस्कार जाहीर झाला. सहा तारखेला जाहीर झाला आणि बारा तारखेला शासन-निर्णय काढून रद्द झाला. निवड करणारी समितीही बरखास्त केली गेली. कारण असं दिलं गेलं की, यातून नक्षलवादाचं उदात्तीकरण होतं.

आता मी शासनाची बाजूही मांडते, कारण मी काट्याची गोष्ट करते आहे. शासन म्हणू शकतं की पुरस्कार हा सन्मान आहे, तो कुणाला द्यायचा हे ठरवण्याचा अधिकार आम्हाला आहे. गडचिरोलीत नक्षलवाद्यांच्या हातून माणसं मेली आहेत, त्यांच्या घरच्यांना काय वाटेल? हा प्रश्न खोटा नाही. तो विचारायलाच हवा. पण तो विचारायची जागा कोणती? पुरस्कार अनुवादाला होता. परीक्षक शासनानंच नेमलेले होते. पुस्तकावर बंदी नव्हती, ते दुकानात मिळत होतं. आणि गंमत अशी की, हे पुस्तक आल्यानंतर २०२१ साली त्या माओवादी पक्षानंच गांधी यांना काढून टाकल्याचं जाहीर केलं होतं. ज्यांचं उदात्तीकरण म्हणता, त्यांनाच ते पचलं नव्हतं! पुस्तक वाचून कारण दिलं असतं, परीक्षकांना बोलावून विचारलं असतं, तर एक वेळ समजून घेता आलं असतं. निकाल लागल्यावर काटाच उचलून नेला, याला काय म्हणायचं?

नीरजा आणि प्रज्ञा दया पवार या दोघी लेखिकांनी साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या सदस्यत्वाचा राजीनामा दिला. शरद बाविस्कर आणि आनंद करंदीकर यांनी आपल्याला मिळालेले पुरस्कार नाकारले. पुरस्काराची रक्कम कुणालाही नकोशी नसते. तरी त्यांनी ती सोडली.

आता आपल्याला अडचणीचं असं उदाहरण घेते. नाहीतर तुम्ही म्हणाल, ताई फक्त आपल्या बाजूची पुस्तकं मोजते. २००३ साली जेम्स लेन यांचं शिवाजी महाराजांवरचं इंग्रजी पुस्तक आलं. त्यात जिजाऊंबद्दलच्या एका मजकुरामुळे लोक दुखावले गेले. दुखावणं समजण्यासारखं होतं. प्रकाशकानं पुस्तक मागं घेतलं. तरी जानेवारी २००४ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, नासधूस झाली. त्याच महिन्यात शासनानं बंदी घातली. उच्च न्यायालयानं २००७ साली ती उठवली आणि २०१० साली सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं. त्या वेळी बहुजनांच्या बाजूनं बोलणारी किती तरी मंडळी या बंदीच्या बाजूनं होती. 'रिडल्स' जाळणं वाईट आणि हे मात्र ठीक, असं म्हणता येतं का? आपल्याला नकोशा पुस्तकाच्या वेळीच आपल्या नियमाचा कस लागतो. बाईच्या चारित्र्यावर कुणी हीन लिहिलं तर त्याला लिहून उत्तर द्यावं, त्याची खोड सभेत काढावी. हिंसेची चिथावणी असेल तर कोर्ट आहे. पण संस्थेतली कागदपत्रं फाडून जिजाऊंचा मान कसा वाढतो, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

आता हे सगळं वरूडपर्यंत कसं पोचतं ते बघा.

मराठी पुस्तकाची आवृत्ती साधारण हजार प्रतींची, अलीकडं तर त्याहूनही कमीची. त्यातल्या बऱ्याच प्रती वाचनालयं घेतात. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि वर्गाप्रमाणं अनुदान मिळतं. त्या अनुदानातून पुस्तकं घ्यायची असतात. शासनमान्य ग्रंथांची यादी निघते. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनेतूनही पुस्तकं येतात. प्रकाशक हुशार असतो. कोणतं पुस्तक यादीत बसेल आणि कोणतं नाही, हे तो छापण्याच्या आधीच ओळखतो. न बसणारं हस्तलिखित तो गोड शब्दांत परत पाठवतो. म्हणजे वरूडच्या वाचनालयात काय मागितलं जातं, यावर पुण्यात काय छापलं जाईल हे थोडं तरी ठरतं. आपण या वाटेच्या शेवटच्या टोकाला आहोत, पण आपल्या हातात काहीच नाही असं नाही.

आपल्या वाचक गटानं यंदा तालुक्यातल्या एका वाचनालयाला बावीस पुस्तकांची मागणी दिली होती. त्यातली सात नावं लाल रेघ मारून परत आली. त्यात ताराबाई होत्या, 'आम्हीही इतिहास घडवला' होतं आणि कॉम्रेड पानसऱ्यांचं 'शिवाजी कोण होता?' होतं. ते छोटं पुस्तक १९८८ पासून लाखो लोकांनी वाचलं आहे आणि त्याच्या लेखकाची २०१५ साली कोल्हापुरात गोळ्या घालून हत्या झाली. कारण विचारलं तर एक भाऊ अगदी प्रेमानं म्हणाले, "पुस्तकात राजकारण कायले पाहिजे वो ताई? बायायले पाककृतीचे पुस्तकं द्या, आध्यात्मिक द्या." भाऊंच्या मनात वाईट नव्हतं. पण त्याच वर्षीच्या खरेदीत एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचे दोन गौरवग्रंथ होते, जाड पुठ्ठ्याचे, चकचकीत कागदाचे. ते राजकीय नाहीत! सव्वाशे वर्षांपूर्वी मेलेल्या विधवांचा प्रश्न विचारणारी बाई मात्र राजकीय!

हा राग काढण्यासाठी मी हे सांगत नाही. गौरवग्रंथ काढून टाका असं माझं म्हणणं नाही. ज्यांना वाचायचा त्यांनी वाचावा. माझं म्हणणं इतकंच की, ताराबाईंनाही त्याच काट्यावर घाला. आणि आपलं स्वतःचं वाचन-कपाट आपण समाजमंदिरात सुरू करतो आहोत, त्यालाही हाच नियम आधी लावू. त्यासाठी पाच गोष्टी सुचवते. आज चर्चा करा, बदला, पण लेखी ठरवा.

एक, न वाचता कोणतंही पुस्तक नाकारायचं नाही. निदान दोघींनी वाचलेलं हवं, आणि त्या दोघी एकाच मताच्या नसाव्यात.

दोन, नकार लेखी द्यायचा आणि कारण लिहायचं. 'राजकीय आहे' हे कारण धरायचं नाही. माहिती खोटी आहे, छपाई वाचता येत नाही, पैसे नाहीत, अशी कारणं चालतील.

तीन, निवड करणाऱ्या बाईचं किंवा तिच्या नात्यातल्या माणसाचं पुस्तक असेल तर त्या दिवशी तिनं बाजूला बसायचं.

चार, पुस्तक कुणी फुकट दिलं, कुणाच्या पैशानं छापलं, हे वहीत नोंदवायचं. ज्याचं पीठ त्याची पोळी, हे वाचणारीला कळलं पाहिजे.

पाच, आपल्याला न पटणारी पुस्तकंही कपाटात ठेवायची. बायकांनी घरातच राहावं म्हणणारं पुस्तक ठेवू आणि शेजारी ताराबाई ठेवू. आपल्या बायांना दोन्ही वाचून ठरवता येतं. त्यांना ठरवता येत नाही असं समजणं, हाच बायकांवरचा सगळ्यांत जुना पक्षपात आहे.

आणि शेवटची गोष्ट कामाची. सार्वजनिक वाचनालय ही नोंदणी झालेली संस्था असते. तिला सभासद असतात, वार्षिक सर्वसाधारण सभा असते, सभेत प्रश्न विचारता येतो आणि कार्यकारी मंडळ सभासदच निवडतात. आज इथं जमलेल्यांपैकी किती जणी तालुक्यातल्या एखाद्या वाचनालयाच्या सभासद आहेत, म्हणून मी मघाशी हात वर करायला सांगितले, तर अकरा हात वर आले. एवढ्या बायकांत अकरा! यादीवर लाल रेघ कोण मारतं याची तक्रार आपण जरूर करू, पण ती रेघ मारणारी समिती निवडण्याच्या सभेला आपण नसतो, हे कसं चालेल? सभासदत्वाचे अर्ज मी आणले आहेत, त्या कोपऱ्यातल्या टेबलावर आहेत. जेवणाच्या सुट्टीत भरून द्या. सही येत असेल तर सही करा, नसेल तर अंगठा द्या. नियमांत मतदानाची पात्रता काय लिहिली आहे ते आपण आधी वाचून घेऊ. आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत पहिला प्रश्न एवढाच विचारू : बावीसपैकी सात पुस्तकं कोणत्या नियमानं नाकारली, तो नियम आम्हाला वाचून दाखवा.